तीन फ्लॅश एकाच वायरीवर : जुना फ्लॅश एकटा पेटतो, सोबतीने का पेटत नाही?

नमस्कार. तांब्या-पितळेच्या भांड्यांचे फोटो काढण्यासाठी आपण दोन नवे मॅन्युअल फ्लॅश आणि वडिलांचा एक जुना फ्लॅश असे तिन्ही एकाच वायरीवर कॅमेऱ्याला जोडले आहेत. दोन नवे बरोबर पेटतात, जुना मात्र त्यांच्यासोबत जोडला की पेटत नाही, आणि एकटा जोडला की बिनतक्रार पेटतो, असे आपण लिहिले आहे. जुना फ्लॅश बिघडलेला नाही आणि आपण वायरही चुकीची जोडलेली नाही. मधली पिन मधल्या पिनेला आणि बाहेरचे कडे बाहेरच्या कड्याला, अशी समांतर जोडणीच हवी असते. एकसर जोडणीत हे काम होत नाही. अडचण दोन पिढ्यांचे फ्लॅश सरळ एकमेकांना जोडण्यात आहे.

अशा वायरीवरून कॅमेरा फ्लॅशला कोणताही संदेश पाठवत नाही, तो फक्त दोन टोके क्षणभर एकत्र करतो. जुन्या बांधणीच्या फ्लॅशमध्ये एक छोटा कपॅसिटर (विजेचा साठा करणारा भाग) मोठ्या रोधामधून हळूहळू दोनशे-तीनशे व्होल्टपर्यंत भरलेला असतो. कॅमेऱ्याचा संपर्क जुळला की तो ट्रिगर कॉइलमधून रिकामा होतो, कॉइलमधून काही हजार व्होल्टचा झटका नळीच्या काचेवर बसतो, आतला झेनॉन वायू वाहक होतो आणि मुख्य कपॅसिटरची सगळी ऊर्जा नळीतून एका दमात जाते. म्हणजे त्या फ्लॅशच्या टोकांवर, आणि पर्यायाने कॅमेऱ्याच्या संपर्कावर, तो दोनशे-तीनशेचा दाब सतत उभा असतो. नव्या फ्लॅशमध्ये हे जड काम आतला थायरिस्टर (एक इलेक्ट्रॉनिक स्विच) करतो. बाहेरच्या टोकांवर फक्त त्याला जागे करण्यापुरते चार-पाच व्होल्ट असतात.

आता हे दोन प्रकार समांतर जोडले की काय होते ते पाहा. जुन्या फ्लॅशचा छोटा कपॅसिटर भरू लागतो, पण त्याच तारेवर असलेला नव्या फ्लॅशचा परिपथ तो दाब चार-पाच व्होल्टच्या पुढे जाऊ देत नाही. गळकी घागर कितीही वेळ नळाखाली धरली तरी भरत नाही, तसाच हा प्रकार. पुढे संपर्क जुळतो तेव्हा जुन्याकडे कॉइलमध्ये ओतायला काहीच नसते. आपले नवे फ्लॅश यातून वाचले हे मी नशीबच समजतो, कारण जुना आधी चालू करून मग वायर खुपसली असती, तर त्याचा भरलेला कपॅसिटर थेट नव्याच्या नाजूक भागावर रिकामा झाला असता.

म्हणून आधी मोजा. डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, फ्लॅशमध्ये ताजे सेल घाला, रेडीचा दिवा लागू द्या, आणि तांबडी तार फ्लॅशच्या पायातल्या मधल्या पिनेला, काळी बाजूच्या धातूच्या पट्टीला लावा. काटा असलेला जुना स्वस्त मीटर येथे चालत नाही. तो स्वतःच इतका प्रवाह ओढतो की २०० व्होल्टचे ५० दिसतात. बोटे धातूला लावू नका, झणझणीत चटका बसतो. माझ्या कपाटातल्या एका जुन्या फ्लॅशवर आजही २१० व्होल्ट दिसतात. विविटार २८३ हे या बाबतीतले नेहमीचे उदाहरण आहे: जपानमध्ये बनलेल्या सुरुवातीच्या कित्येक नगांवर २५० व्होल्टच्या वर दाब मिळतो, तर त्याच नावाच्या नंतरच्या नगांवर जेमतेम १० व्होल्ट असतात. तेव्हा मॉडेलच्या नावावर विसंबू नका, हातातला नग मोजा. आकडा उणे आला, तर त्या फ्लॅशचे प्लस-मायनस उलटे आहे. तो तसाच इतरांना जोडू नये.

यानंतर कॅमेरा. निकॉनच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या पुस्तिकांत हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या, फ्लॅश बसवायच्या खाचेवर) २५० व्होल्टहून जास्त किंवा उणे दाब देऊ नये, असे स्पष्ट लिहिलेले असते. आयएसओ १०३३० या मानकाची मर्यादा २४ व्होल्ट आहे, आणि काही कॅमेऱ्यांसाठी ६ व्होल्टच सुरक्षित मानले जातात. आपल्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत आकडाच सापडला नाही, तर जुना फ्लॅश तारेवरून काढा आणि त्याच्या पायाला ऑप्टिकल स्लेव्ह लावा. दोन नव्यांचा उजेड पाहून तो आपोआप पेटेल, आणि कॅमेऱ्याशी त्याचा विजेचा काही संबंधच राहणार नाही. सारे फ्लॅश मॅन्युअलवर असल्यामुळे टीटीएलच्या (कॅमेऱ्यानेच फ्लॅशचा उजेड ठरवण्याच्या पद्धतीच्या) आगाऊ झगमगाटाने स्लेव्ह फसण्याचीही भीती नाही.

पुस्तिकेत २५० व्होल्टची मुभा असेल आणि जुना फ्लॅश त्याच्या बराच खाली असेल, तर उपाय दोन-चार रुपयांचा आहे. प्रत्येक फ्लॅशच्या मधल्या पिनेच्या तारेत एकेक १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला. डायोडवरचा चंदेरी पट्टा कॅमेऱ्याच्या बाजूला हवा; तिन्ही पट्ट्यांकडची टोके एकत्र करून कॅमेऱ्याच्या मधल्या पिनेकडे न्या आणि बाहेरच्या कड्यांच्या तारा सरळ एकत्र जोडा. आता जुन्याचे २१० व्होल्ट नव्यांच्या डायोडपाशी अडतात, आणि संपर्क जुळला की तिघेही आपापल्या वाटेने खाली ओढले जातात. डायोडवर ०.७ व्होल्टच्या आसपास दाब खर्च होतो, तो बहुतेक फ्लॅशना जाणवत नाही. एखादा तीन व्होल्टवाला मात्र कुरकुर करू शकतो. कॅमेऱ्याला जोडण्यापूर्वी पुन्हा मीटर लावा: सामाईक टोकावर जुन्याचा मोठा आकडा दिसला पाहिजे आणि नव्यांच्या पायाशी त्यांचे स्वतःचे चार-पाच व्होल्टच. डायोड, ३.५ मिमीचे मोनो प्लग आणि दोन पदरी वायर हे सगळे पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एकाच फेरीत मिळेल. प्लग मोनोच मागा. स्टिरिओ प्लगची मधली कडी नको तिथे टेकते.

एक दुखणे आपल्याला अजून भेटलेले नाही, पण फ्लॅशची संख्या वाढली की भेटेल. पहिल्या फोटोला सगळे पेटतात, दुसऱ्याला एकही पेटत नाही, आणि फ्लॅश बंद करून चालू केले की पुन्हा एक फोटो निघतो. कॅमेऱ्यातला इलेक्ट्रॉनिक स्विच एकदा जुळला की प्रवाह पुरेसा घटेपर्यंत सुटत नाही, आणि समांतर जोडलेल्या प्रत्येक फ्लॅशचा बारीकसा प्रवाह त्यात भर घालतो. निकॉनने आपल्या टीटीएल वायरींसाठी प्रत्येक फ्लॅशला एक अंक ठरवून दिला होता. जोडलेल्या फ्लॅशच्या अंकांची बेरीज २० अंश सेल्सिअसला २० पर्यंत आणि ४० अंशांना १३ पर्यंतच चालत असे. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत हा दुसरा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

जोडाच्या जागेबद्दलही सांगतो. कॅमेऱ्यावर फ्लॅशची वायर खुपसायचे जे छोटे गोल भोक असते, त्या पीसी सॉकेटमधले पीसी म्हणजे संगणक नव्हे. प्रॉन्टॉर आणि कॉम्पुर या दोन जर्मन शटरांची ती आद्याक्षरे आहेत. हा जोड मला कधीच भरवशाचा वाटला नाही. लग्नांत मी मदतनीस होतो तेव्हा दुसरा फ्लॅश काठीला बांधून, दहा मीटर वायर ओढत मांडवात फिरणे हे माझे काम होते. एकदा ऐन मुहूर्तावर अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, कोणाचा तरी पाय वायरीवर पडला आणि पिन अर्धी बाहेर आली. रोल धुऊन आला तेव्हा नवरा उजेडात होता आणि नवरी अर्धी काळोखात. त्या दिवसापासून मी वायरीचा एक फेरा ट्रायपॉडला बांधतो, म्हणजे ओढ पिनेवर न येता ट्रायपॉडवर येते. पिन सैल झाली असेल तर बाहेरचे कडे पकडीने अगदी हलकेच दाबावे. कॅमेऱ्याला पीसी सॉकेट नसेल तर हॉट शूचा अडॅप्टर वापरावा. मात्र कॅननच्या २०० डी मार्क २ सारख्या कॅमेऱ्याच्या शूमध्ये मधली पिनच नाही, तिथे ही वायर निरुपयोगी आहे.

जोडणी पुरी झाली की तिन्ही फ्लॅश कमी शक्तीवर ठेवून कॅमेऱ्याकडे वळवा, शटर १/१२५ वर, छिद्र एफ २२ वर ठेवा आणि त्यांचाच फोटो काढा. डोळ्यांना सगळे एकदमच पेटल्यासारखे वाटतात; फोटोत मात्र जो पेटला नाही तो काळाच दिसतो. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांत एकही पेटणार नाही, ते आधी बंद करा. वायरीवरचा कोणता फ्लॅश अजून भरतो आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही, त्यामुळे दर फोटोआधी वडिलांच्या फ्लॅशचा दिवा लागला आहे का तेवढे पाहा. तिघांत तोच सर्वांत सावकाश भरणार. मीटरवर काय आकडे आले ते आणि कॅमेऱ्याचे मॉडेल कळवा, म्हणजे डायोड घालावेत की स्लेव्ह लावावा, हे नेमके सांगता येईल.