दाखला नंतर, आधी मूल

जव्हार-मोखाडा भागातल्या शासकीय आश्रमशाळांमध्ये २९ वर्षं अधीक्षिका म्हणून राहिलेल्या बाई या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

प्रश्न : आमच्या कातकरी वाडीत आठ वर्षांची एक मुलगी आहे. अजून कुठल्याच शाळेत नाव नाही. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जातात, धाकट्या भावाला सांभाळायला हिलाही नेतात. जन्माचा दाखला नाही, जातीचा नाही. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी टाकलेली आहे. आश्रमशाळेत घेतील का? आई म्हणते, "एवढीशी पोर परक्याच्या दारात कशी ठेवू?" तिला काय सांगू?
— एक अंगणवाडी सेविका, ता. सुधागड, जि. रायगड

उत्तर : सेविकाताई, कागदांचं आधी उरकते. ते तुम्हाला वाटतं तितकं अवघड नाही.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. जन्माचा दाखला नसेल तर दवाखान्याची किंवा नर्सबाईंची नोंद, अंगणवाडीतली नोंद, नाहीतर पालकांचं लेखी निवेदन चालतं. अंगणवाडीतली नोंद म्हणजे कोणाची? तुमचीच. पोर तुमच्याच वाडीतली असेल, तर तिची लस, तिचं वजन लिहिलेलं पान तुमच्या कपाटात असायला हवं. आज संध्याकाळी ते शोधा. पोरीचा पहिला सरकारी कागद तुमच्या हातचा आहे.

आठ वर्षांची मुलगी वयाप्रमाणे तिसरीच्या वर्गात बसते. मागचं राहिलेलं तिला वेगळं शिकवून बरोबरीला आणणं ही शाळेची जबाबदारी आहे, तीही याच कायद्यानं. "पहिलीत टाका, बसेल लहानांत," असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. उंचीनं मोठी पोर बारक्यांच्या रांगेत बसवली की ती पंधरा दिवसांत शाळा सोडते. मी पाहिलंय.

आश्रमशाळेत जमातीचा पुरावा विचारतात. बापाचा, चुलत्याचा, कोणाचाही दाखला असेल तर बरोबर न्या. कोणाचाच नसेल तर आदिवासी विकास विभागाच्या पेणच्या प्रकल्प कार्यालयात प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं तोंडी सांगितलेलं कुठंच उरत नाही. कातकरी ही केंद्र सरकारनं विशेष मागास ठरवलेल्या जमातींपैकी एक आहे. महाराष्ट्रात अशा तीनच, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. अर्जात हे लिहा. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो आणि त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा रहिवास बघतात. आजोबांचं नाव कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, सापडतं का, घरातलं कोणी चार बुकं शिकलं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला निघतो का, हे पावसाळ्यात बघून ठेवा. दिवाळीनंतर विचारायला वाडीत माणूस सापडणार नाही. तोवर मुलीचं शिकणं मात्र अडवू नका. आश्रमशाळेचं ठरेपर्यंत जवळच्या जिल्हा परिषद शाळेत नाव घालाच.

आणि एक, वाडीत आता जन्मणाऱ्या बाळांची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना पुढं शाळेत घालताना जन्माचा दाखलाच दाखवावा लागणार आहे.

आता आईचं. तिची भीती खरी आहे, ती खोडून काढायला जाऊ नका. शाळेचं नाव ऐकून पोर द्यायची असं कुठल्या आईनं करावं? तिला शाळेत घेऊन जा, जून उजाडायच्या आत. मुली झोपतात ती खोली तिला दाखवा. दाराला आतून कडी आहे का, संडासात पाणी येतं का, वाटेवर दिवा लागतो का, हे तिला स्वतः बघू दे. अधीक्षिका रात्री तिथंच राहते की संध्याकाळच्या गाडीनं घरी जाते, हे तिनं त्या बाईला तोंडावर विचारावं. मला कोणी विचारलं की मला बरं वाटायचं. या मुलीमागं माणूस आहे, हे तेव्हाच कळायचं.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एक कातकरी मुलगी होती, तिसरीतली. आईबाप भिवंडीकडच्या भट्टीवर गेलेले, कुठल्या ते तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. दर रविवारी बाकीच्यांची माणसं यायची, बोरं घेऊन, ही फाटकाशी उभी राहायची. जानेवारीत ती जेवेना. मी औषध दिलं, रागावले, गोडही बोलले. होळीला आजी येऊन घेऊन गेली ती परत आलीच नाही. चूक माझी होती. तिचं नाव माझ्या हजेरीपटावर होतं, तिची माणसं कुठं आहेत हे माझ्याकडं नव्हतं.

त्यानंतर मी एक वही केली. मुली तिला "भट्टीची वही" म्हणायच्या. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येक आईबापाला विचारायचं, बयाणा कोणाकडून घेतलाय, कुठल्या गावची भट्टी, नाक्याचं नाव काय, तिथं कोण ओळखीचं आहे. पहिली काही वर्षं मी पोस्टकार्डं टाकायचे. नंतर फोन आले, तेव्हा भट्टीच्या शेठच्या नंबरावर रविवारी सकाळी फोन लावून पोरीला आईशी बोलायला द्यायचे. दोन मिनिटं बोलणं व्हायचं. "जेवलीस का", "भाऊ बरा आहे का", बस. तेवढ्यावर पोर आठवडा काढायची. ही वही कुठल्या नियमात नव्हती. तुमच्या मुलीला ज्या शाळेत घालाल तिथल्या अधीक्षिकेला अशी वही करायला सांगा. ती नाही करणार तर तुम्ही करा.

भावाचं काय, हा प्रश्न तुमच्या पत्रात अर्ध्या ओळीत आलाय. मला तोच मोठा वाटतो. मुलगी भट्टीवर जाते ती त्याला सांभाळायला. तो तीन वर्षांचा झाला असेल आणि वाडीत आजी असेल, तर तो तुमच्या अंगणवाडीत बसू शकतो. आईशी बोलताना सुरुवात त्याच्यापासून करा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हेच ओळखलं होतं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. तुमच्या कामाचं नाव त्या अंगणातून आलेलं आहे, ताई.

एवढं करूनही आई नाही म्हणाली, तर तिला धरून बसू नका. गावात आजीकडं राहून शिकायचं असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय मागता येते. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत स्थलांतराच्या महिन्यांत दोन्ही वेळचं जेवण मिळतं. तेही नसेल आणि मुलगी भट्टीवर जाणारच असेल, तर गावच्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेऊन द्या आणि भट्टीजवळच्या शाळेत तिला त्यावर बसवायला सांगा. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या. बोचक्यात गेलं की ओलं होतं.

प्रश्न : माझा मुलगा चौथीपर्यंत पाड्यावरच्या शाळेत शिकला. यंदा पाचवीला आश्रमशाळेत घातला. महिनाभरात दोनदा पळून आला. दुसऱ्या वेळी रानातून ११ किलोमीटर भर पावसात चालत आला. कारण सांगत नाही. चार फटके देऊन परत सोडू का?
— एक वडील, ता. मोखाडा, जि. पालघर

उत्तर : भाऊ, हात उगारू नका. दहा वर्षांचं पोर ओढे भरलेले असताना एवढं चालून आलं ते तुमच्याकडंच आलं. त्याला तुम्ही हवे आहात.

"का पळालास?" असं विचारलं की मूल गप्प होतं. त्याला दिवसाचं सांगायला लावा. सकाळी कोण उठवतं, आंघोळ कुठं, पहिलं खायला काय, शेजारी कोण झोपतं. सांगता सांगता जिथं तो अडेल, तिथं दुखणं आहे.

एक मुलगी दर दोन-तीन दिवसांनी घरी पळायची. सगळे म्हणायचे, खोडकर आहे. एका रात्री बॅटरी घेऊन फेरी मारताना दिसलं, ती पलंगाखाली नुसत्या फरशीवर झोपलेली. अंथरुणात लघवी होते आणि सकाळी पोरी हसतात, म्हणून गादी सोडून खाली. आमच्याकडं पावसाळ्यात साप-विंचू निघतात, मी तर थरथरलेच. मग मी तिला रात्री अकराला आणि पहाटे चारला हलक्या हातानं उठवायला लागले, जास्तीची चादर तिच्या उशाखाली ठेवली आणि कोणाला काही बोलले नाही. पुढं ती दहावी होऊन त्याच शाळेतून बाहेर पडली.

तुमच्या मुलाचं कारण असंच काही असेल. खरूज असेल, मोठी पोरं ताट ओढून घेत असतील, रात्री संडासाला जायची भीती असेल. भाषाही असते. घरात वारली बोलणारं पोर वर्गात पुस्तकातली मराठी ऐकतं आणि त्याला वाटतं, सगळ्यांना येतं, मलाच येत नाही. जेवणही असतं. नागलीची भाकर आणि उडदाचं वरण खाल्लेल्याला रोजची चपाती बेचव लागते. ही कारणं बारकी वाटतात, पण त्याच्यासाठी तो रोजचा दिवस आहे.

आणि एक गोष्ट ठामपणे सांगते. कोणी मारलं, अंगाला नको तिथं हात लावला, असं तो बोलला किंवा नुसतं सुचवलं, तरी त्याच्यावर विश्वास ठेवा. १०९८ या मुलांच्या मदतीच्या नंबरावर फोन करा, पोलिसांत जा. २०१२ चा पोक्सो कायदा त्यासाठीच आहे. शाळेची अब्रू जाईल म्हणून कोणी गप्प बसायला सांगितलं तर बसू नका. मग त्याला तिथं परत पाठवायचंच नाही, प्रकल्प कार्यालयात दुसरी आश्रमशाळा मागायची.

तसं काही नसेल तर त्याला परत न्या, पण तुम्ही स्वतः न्या, कोणाच्या मोटारसायकलवर बसवून देऊ नका. अधीक्षकांसमोर त्याची अडचण तुमच्या तोंडानं सांगा. निघताना पुन्हा कोणत्या दिवशी येणार ते त्याला सांगा आणि त्या दिवशी जा. लावणी असली तरी जा. तुम्ही शनिवार म्हणालात आणि सोमवारी गेलात, तर रविवारी तो पुन्हा रानात असेल. जाताना भाकर बांधून न्या, त्याच्या मित्रालाही पुरेल एवढी. आणि बोहाड्याला, आपल्या सोंगांच्या उत्सवाला, त्याला रजेचा अर्ज देऊन राजरोस घरी आणा. सोंगं बघायला म्हणून पळालेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत, त्यात त्यांचा गुन्हा नव्हता.

प्रश्न : मी बारावी झाले, नाशिकला बी.एस्सी.ला प्रवेश मिळालाय. मुलींच्या शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही. घरचे म्हणतात, परत ये. काही मार्ग आहे का?
— एक विद्यार्थिनी, ता. सुरगाणा, जि. नाशिक

उत्तर : आहे बाळ. २०१६-१७ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलामुलींसाठीच. राहण्या-जेवणाचे पैसे थेट तुझ्या खात्यात येतात. वसतिगृहाचा अर्ज भरल्याची प्रत जपून ठेव. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर वेगळा भर, एक भरला म्हणजे दुसरा भरला असं होत नाही.

मुलींचे पैसे बहुतेक वेळा बँकेत अडतात. शाळेत असताना उघडलेलं खातं वापर नसल्यानं बंद पडलेलं असतं, किंवा आधार भलत्याच खात्याला जोडलेलं असतं. या आठवड्यात बँकेत जाऊन दोन्ही बघ. पैसे यायला उशीर होतो, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या खोलीभाड्याची तजवीज घरच्यांशी बोलून ठेव. तीन-चार मैत्रिणी मिळून खोली घ्या. घरच्यांना माझं हे उत्तर वाचून दाखव.

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसानिमित्त आम्हा काही कुटुंबांना आश्रमशाळेत ब्लँकेट आणि केक वाटायचा आहे. कधी आणि कसं जावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमच्या मनात माया आहे म्हणून सरळ सांगते. अंथरूण-पांघरूण, गणवेश, पुस्तकं यांची जबाबदारी सरकारची आहे. एखाद्या शाळेत ती पुरी होत नसेल तर प्रकल्प कार्यालयाला तसं पत्र लिहा. शिकलेल्या शहरी माणसाच्या पत्राला उत्तर येतं, पाड्यावरच्या बापाच्या अर्जाला येईलच असं नाही. केक मात्र नको. एका मुलाच्या वाढदिवसाला चारशे मुलांनी रांगेत उभं राहून टाळ्या वाजवायच्या, हे मला कधीच बघवलं नाही. त्यातल्या कित्येकांना आपला वाढदिवस माहीत नसतो.

यायचं असेल तर आधी मुख्याध्यापकांना लिहून परवानगी घ्या. मुलांचे फोटो काढू नका. एकदाच येऊन जाण्यापेक्षा वर्षात चार-पाचदा या, दोघं-तिघंच या, आणि गोष्टींची पुस्तकं घेऊन मुलांबरोबर वाचत बसा. जेवायच्या वेळी त्यांच्याच पंगतीत, त्यांचंच जेवा.

पैसे खर्च करायचेच असतील तर अधीक्षिकेला विचारा, या वर्षी कोणत्या मुलांना भेटायला कोणीच आलेलं नाही. चार-सहा नावं ती न बघता सांगेल. त्यांच्या आईबापांचं एसटीचं भाडं मुख्याध्यापकांकडं देऊन ठेवा. बायकांना आता अर्धंच तिकीट आहे, पण भट्टीवरून निघायचं तर त्या दिवसाचा रोजही बुडतो, तोही धरा.