अॅम्बॅसेडरचे इंजिन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझी १४८९ सीसीची अॅम्बॅसेडर हिवाळ्यात उत्तम चालते, परंतु मे महिन्यात नागपुरात सीताबर्डीवर दहा मिनिटे थांबवली की पुन्हा सुरूच होत नाही. अर्ध्या तासाने मात्र आपोआप सुरू होते. रेडिएटर साफ करून घेतला, थर्मोस्टॅटही (इंजिनातील पाण्याचे तापमान राखणारी झडप) काढून टाकला. (महाल)

उत्तर : उभी राहिल्यावर अडणारी आणि निवल्यावर स्वतःहून सुरू होणारी गाडी बहुधा पाण्याच्या नव्हे, पेट्रोलच्या उष्णतेने अडलेली असते. पेट्रोलमधील हलके घटक सुमारे ४० अंशांपासूनच उकळू लागतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास असतो. त्यात या इंजिनाची रचना अशी, की हवा-पेट्रोलचे मिश्रण आत घेणारा आणि धूर बाहेर टाकणारा असे दोन्ही मॅनिफोल्ड (फाटे असलेल्या नळ्या) एकाच बाजूला आहेत. त्यामुळे इंजिन बंद होताच सायलेन्सरकडची सारी धग कार्ब्युरेटरवर (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागावर) चढते. भरीस भर म्हणजे इंजिनावर बसवलेला पंप पेट्रोल टाकीपासून ओढून आणतो, आणि ओढताना नळीतील दाब घटल्याने ते आणखी लवकर उकळते. म्हणून टाकीजवळ विजेवर चालणारा, कार्ब्युरेटरला सोसेल इतक्याच दाबाचा पंप बसवावा, कार्ब्युरेटरखाली बेकलाइटची जाड चकती व पत्र्याचा आडोसा द्यावा, आणि पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून दूर वळवावी. सध्याच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर फुगते, तेव्हा नळ्या याच वेळी बदलाव्यात. थर्मोस्टॅट परत बसवा. तो नसल्यास डिसेंबरच्या सकाळी इंजिन योग्य तापमानाला येतच नाही आणि बोअरची (पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्याची) झीज वाढते. तो काढून टाकण्याचा सल्ला आपल्या शहरात इतक्या सहजपणे दिला जातो, की दोष आपल्याला देववत नाही.

प्रश्न : इंजिन पूर्ण उघडून बांधले, तरी गिअरबॉक्सच्या जोडाखालून ऑइल ठिबकते. मिस्त्रीने काम बिघडवले काय? (धंतोली)

उत्तर : तसे लगेच म्हणता येत नाही. या इंजिनाच्या क्रँकला (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) मागच्या बाजूस रबरी सील नसतेच. तेथे आटे कापलेले असतात आणि फिरताना ते ऑइल आत ढकलतात, त्यामुळे इंजिन थांबल्यावर दोन-चार थेंब पडणे स्वाभाविक आहे. ऑइल लागून क्लच सरकू लागला असेल, तर मात्र आधी ब्रीदरची (इंजिनातील वाफ बाहेर सोडणारी) नळी तुंबली आहे का ते पाहावे आणि मगच मेन बेअरिंगकडे वळावे.

प्रश्न : १९७२ च्या अॅम्बॅसेडरमध्ये इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन व पाच गिअरचा बॉक्स बसवावा काय? (प्रतापनगर)

उत्तर : यांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे, कारण कंपनीनेच पुढे याच गाडीत ती जोडी दिली. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही, म्हणून इंजिन विकत घेण्यापूर्वी गिरीपेठेतील परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. आपली गाडी त्या वयाची आहे, पण इंजिन बदलले की तो मार्ग बंद होतो. अर्थात, व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज वापरता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. माझे मत विचाराल तर मूळ इंजिनच बोअर करून, ओव्हरसाइझ पिस्टन व कडक व्हॉल्व्ह सीट (झडप जिच्यावर टेकते ती कडी) घालून बांधावे. शिसे असलेले पेट्रोल २००० मध्ये बंद झाल्यापासून जुन्या बिडाच्या हेडमधील सीट लवकर खचतात.

तरीही बदल करायचाच असेल, तर मागच्या अॅक्सलचे गुणोत्तर, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंतच्या दांड्याचे) किती फेरे होतात, ते आधी मोजावे. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन पुढच्या चाकांना अडण लावावी, मागची दोन्ही चाके स्टँडवर उचलावीत, एक चाक पक्के धरून दुसरे बरोबर दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरला ते खडूची खूण करून मोजावे. तो आकडा म्हणजेच अॅक्सलमधील क्राउन-पिनियन या दातेरी चाकांच्या जोडीचे गुणोत्तर. नवा बॉक्स वेगळ्या लांबीचा असल्यास शाफ्ट कापून घ्यावा लागतो. त्या वेळी दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एकाच रेषेत वेल्ड झाले आहेत, याची खात्री करून नंतर शाफ्टचे बॅलन्सिंग करून घ्यावे. अन्यथा वर्धा रोडवर वेग घेताच सारी गाडी थरथरू लागेल.