पशुधन पर्यवेक्षकाच्या कोर्सला निघालेल्या पोरीला

पोरी,

कोर्सला तुझा नंबर लागला हे तुझ्या वडिलांनी फोन करून सांगितलं, आवाजातच आनंद मावत नव्हता त्यांच्या. मी उभा जन्म याच कामात काढला म्हणून थोडं लिहितोय, पुस्तकातलं तुला सर-मॅडम शिकवतीलच.

आधी लसीचं. गोठ्यात काम सुरू करायच्या आधी रेबीजची प्रतिबंधक लस घे, पहिल्या दिवशी, मग ७ व्या आणि मग २१ किंवा २८ व्या दिवशी. एवढं का सांगतोय ते ऐक. मी शिकाऊ होतो तेव्हा एका वस्तीवर गाय लाळ गाळत होती, चारा-पाणी बंद, हंबरणं घोगरं झालेलं, मालक म्हणाला घशात काहीतरी अडकलंय, आणि मी लगेच बाही वर करून तोंडात हात घातला. काही सापडलं नाही. मागून डॉक्टर आले, त्यांनी लांबूनच बघितलं आणि मालकाला एकच विचारलं, हिला मागं कधी कुत्रं चावलं होतं का? चावलं होतं. दोन दिवसांत गाय गेली आणि मी पोटात १४ इंजेक्शनं घेतली, तेव्हा तीच मिळायची. सुया सोसल्या गं, पण रात्र-रात्र झोप नसायची, कडब्यानं बोटांना पडलेले बारीक चिरे बघत बसायचो.

तेव्हापासून सवय लागली, जनावराजवळ जायच्या आधी लांब उभं राहून बघायचं. रवंथ करतंय का, कुशी मिनिटाला किती वेळा हलते, शेण कसं पडलंय, डावी कूस फुगलीय का, कान पडलेत का. मालकाला बोलू द्यायचं, मधे तोडायचं नाही. मग ताप. गायीचा साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतो, थर्मामीटरला दोरा बांधून चिमटा शेपटीच्या केसांना लाव, नाहीतर जनावर हललं की खाली पडून फुटतो. आकडा लगेच वहीत लिही, मनात ठेवू नको. डॉक्टरांना तुझ्याकडून हेच हवं असतं, नक्की काय दिसलं ते, तुझा अंदाज नाही.

आणि धरणं. हे काम हलकं आहे असं कुणी म्हटलं तरी मानू नको. व्यायल्यावर गाय दुधाच्या तापानं, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम घटून, बसली की डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात, बाटली तुझ्या हातात असते. बाटली उंच धरली की औषध भराभर उतरतं, आणि कॅल्शियम भराभर गेलं तर गायीचं हृदय बंद पडू शकतं. मालक घाई करतो, हात भरून येतो, तरी डॉक्टर छातीला नळी लावून ठोके ऐकत असतात तोवर ती बाटली सांगतील तेवढ्याच उंचीवर धरायची. मग गाय थरथरते, शेण टाकते, पुढचे पाय जवळ घेते आणि उठायला बघते, ते बघून मला आजही भरून येतं.

व्यायल्यावर वार (जार) आत अडकली, गाभ पडला, तर उघड्या हातानं अजिबात शिवू नको, मालक कितीही गळ घालू दे. सांसर्गिक गर्भपाताचा जंतू माणसालाही लागतो आणि ताप, सांधेदुखी महिनोन्‌महिने पाठ सोडत नाही. हातमोजे स्वतःच्या पिशवीत ठेव, दवाखान्यात संपलेले असतात बऱ्याचदा.

गावात लोक तुला डॉक्टर म्हणायला लागतील, दुसऱ्याच महिन्यात. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं आपल्याला किरकोळ उपचारांची मुभा आहे, तीही नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. जिथं कळत नाही तिथं ‘मी डॉक्टरांना फोन लावते’ म्हणायला लाजू नको, माझी निम्मी जनावरं त्या फोनवर वाचलीत.

पहिला डोस घेतलास की मला तारीख कळव, पुढच्या दोन्हीची आठवण मी करून देईन.

तुझा काका