दाढीखालची त्वचा स्क्रब करावी का, आणि कशी?

तुम्ही विचारलंय की दाढी राखून तीन महिने झाले, खाली सतत खाज येते, काळ्या शर्टावर पांढरा भुसा पडतो आणि म्हापशातला पाऊस सुरू झाल्यापासून हे वाढलंय. अक्रोडाच्या सालीचा स्क्रब चालेल का, आणि आठवड्यातून कितीदा?

स्क्रब आणून झाला असेल तर तो टाचांना वापरा. दाढीचा केस हा मृतच असतो, त्याच्यावरून काही काढायचं नसतं. तेल, घाम, धूळ धुतली की त्याचं काम झालं. साफ करायची ती खालची कातडी, आणि दाढी सेंटिमीटरभर वाढली की स्क्रबचे दाणे तिथवर नीट पोचत नाहीत. बरेचसे केसांतच अडकतात. जे पोचतात ते धारदार असल्यामुळे केसाच्या मुळाशी ओरखडे काढतात. अडकलेले दाणे मग दिवसभर गळत राहतात आणि माणूस त्यांनाच कोंडा समजून आणखी घासतो. नरकचतुर्दशीचं उटणंही दाढीत असंच बसतं. त्या दिवशी कारीट फोडा, उटणं अंगाला लावा, पण हनुवटी वगळा.

आधी तो भुसा चिमटीत चोळून पाहा, कारण उपाय त्यावर ठरतो. पिठासारखा सुका असेल आणि कातडी ओढल्यासारखी वाटत असेल, तर बहुधा अंगाचा साबण दोषी आहे. तो अल्कधर्मी असतो, त्वचा किंचित आम्लधर्मी. साबण बदलून सौम्य फेसवॉश घेतला की दोनेक आठवड्यांत फरक पडतो. समुद्रात पोहून आल्यावर गोड्या पाण्याने दाढी धुतली नाही, तर सुकलेलं मीठही पांढरं दिसतं. ते ओल्या बोटाला विरघळतं.

भुसा पिवळसर, चिकट असेल, खाली लाली असेल आणि नाकाच्या कडांना, भुवयांतही तसंच दिसत असेल, तर तो खरा कोंडा. मॅलासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, प्रत्येकाच्याच त्वचेवर असतं आणि त्वचेच्या तेलावर जगतं. दमट हवेत, घामात त्याचं फावतं. तुमच्या वर्णनावरून मला हाच प्रकार वाटतो. आपल्याकडे अशा वेळी घरातला पहिला सल्ला खोबरेल चोळण्याचा असतो. भुसा तात्पुरता चिकटून बसतो म्हणून बरं वाटतं, पण तेलातली स्निग्ध आम्लं हेच त्या यीस्टचं जेवण. कोंडा असेपर्यंत खोबरेल बंद.

आता पद्धत. कोमट पाण्याने दाढी मिनिट-दोन मिनिटं भिजू द्या, म्हणजे मृत थर फुगून सैल होतो. कढत पाणी नको, त्याने खाज वाढते. फार्मसीत केटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा २ टक्क्यांचा शॅम्पू मिळतो. तो चमचाभर तळहातावर घेऊन थोड्या पाण्यात फेसवा आणि बोटांच्या पेरांनी, नखांनी नव्हे, मुळांपर्यंत न्या. गालावरून हनुवटीकडे जाताना दाढीचे पट्टे पाडत चला, नाहीतर हनुवटीखालचा भाग हमखास राहतो. हेल्मेटचा पट्टा तिथेच घाम धरून ठेवतो. लहान गोल फिरवत अर्धा-एक मिनिट चोळा, मग ३ ते ५ मिनिटं तसाच ठेवा. बहुतेकांचं इथेच चुकतं: लावलं की लगेच धुतात आणि मग औषध चालत नाही म्हणतात. आठवड्यातून दोनदा, २ ते ४ आठवडे. नंतर पावसाळाभर आठवड्यातून एकदा पुरतं. केस राठ झाले तर टोकांना कंडिशनर लावा, मुळांना नाही.

यीस्टचा त्रास नसून नुसती कातडी खरखरीत आणि रंध्रं बुजलेली असतील, तर सॅलिसिलिक आम्ल उत्तम. ते तेलात विरघळतं म्हणून रंध्रात शिरतं आणि दाढी कितीही दाट असो, द्रव असल्यामुळे तळाशी पोचतं. २ टक्क्यांचा फेसवॉश मिनिटभर ठेवून धुवा, सुरुवातीला आठवड्यातून एकदा, सोसलं तर दोनदा. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, त्यामुळे रोज घासून काही लवकर होत नाही, फक्त आग होते. अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल तर हे टाळा. केटोकोनाझोलच्या दिवशी हे नको, आणि त्याच भागावर रेटिनॉइड (मुरुमांसाठी देतात ते अ-जीवनसत्त्वाच्या गटातलं औषध) लावत असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दाढी अगदी खुरटी असेल आणि हाताने चोळल्याशिवाय समाधानच होत नसेल, तर अर्धा चमचा फेसवॉशमध्ये चिमूटभर बारीक साखर चालेल. ती विरघळते, हाच तिचा गुण. मिठागरातलं जाडं मीठ नको, सुकी कॉफी नको.

गळ्यावरची कड जिथे तुम्ही किंवा सलूनवाला वस्तऱ्याने आखतो, तिथे केस आत वळून पुटकुळ्या येतात. तिथे दाढी केल्यावर २४ तास काही घासू नका, मग सॅलिसिलिक. वस्तरा केसाच्या दिशेनेच फिरवा. सुईने केस उकरणं बंद करा, त्याचे डाग महिनोन्महिने राहतात.

धुऊन झाल्यावर पंचाने टिपा, खसाखसा पुसू नका, आणि दाढी पूर्ण वाळू द्या. जुलैत पंचाच मुळात ओला असतो, म्हणून दाढीसाठी वेगळा सुका तुकडा ठेवा. लांब दाढीवर थंड हवेचा ड्रायर फिरवलात तरी चालेल.

पू, पिवळी खपली, केस सहज उपटून येणं किंवा कडेने पसरत जाणारी लाल चकती दिसली तर यातलं काहीच करू नका, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) त्वचाविभाग आहे. स्टेरॉइड मिसळलेली 'थ्री-इन-वन' मलमं दुकानातून परस्पर आणू नका. चार दिवस लाली जाते, पण नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो आणि डॉक्टरलाही ओळखायला जड जातो.