टँक फोडणाऱ्या गोळ्यात स्फोटकंच नाहीत?

प्रश्न : टँकवर मारायच्या एका प्रकारच्या गोळ्यात स्फोटकं नसतातच असं वाचलं. मग टँक फुटतो कसा? 1965 च्या युद्धात आपल्या अब्दुल हमीदांनी पाकिस्तानचे पॅटन टँक उडवले ते याच गोळ्यांनी का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : बरोबर वाचलंत. गोळा तोफेतून बाहेर ढकलायला दारू लागतेच, पण पुढे जाऊन जे आदळतं तो नुसता धातूचा रॉड, दोन-तीन सेंटिमीटर जाड, लांबलचक आणि मागे छोटे पंख. वेग सेकंदाला साधारण 1,500 ते 1,700 मीटर! शाळेतलं सूत्र आठवा, वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते पण वेग दुप्पट केला तर चौपट. समजा 4.5 किलोचा रॉड 1,600 मीटरने सुटला तर हिशोब 57 लाख ज्यूलच्या वर जातो, म्हणजे 15 टनी ट्रक ताशी 100 किमीने येऊन धडकावा तेवढं, आणि ते सगळं एका नाण्याएवढ्या जागेत.

आता रॉड एवढा बारीक आणि तोफेची नळी 120 मिमीची, मग तो बसतो कसा, तर त्याला हलक्या धातूचं दोन-तीन तुकड्यांचं कव्हर असतं, त्याला सॅबो म्हणतात, नळीबाहेर आलं की हवेच्या मारानेच ते गळून पडतं. आपल्या अर्जुन टँकची भानगड वेगळी, त्याच्या नळीला आतून पीळ (गोळ्याला गिरकी देणाऱ्या तिरप्या खाचा) आहे आणि लांब रॉडला गिरकी चालत नाही, म्हणून गोळ्यावर घसरणारी रिंग टाकतात, पीळ रिंग फिरवतो, रॉड फारसा फिरत नाही. हा गोळा पुण्यात पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रसंशोधन संस्थेने बनवलाय.

आदळल्यावर स्वच्छ भोक पडतं असं नाही हं. एवढ्या दाबाखाली पोलाद आणि रॉड दोन्ही जवळजवळ पातळ पदार्थासारखे वागतात, रॉड पुढून झिजत झिजत आत घुसतो, लांबी हवी ती म्हणूनच. आरपार गेला की उरलेला रॉड आणि चिलखताचे तापलेले तुकडे आत उडतात, आतल्या दारूगोळ्याने पेट घेतला की संपलंच.

अब्दुल हमीदांची मात्र जीपवरची 106 मिमीची रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणारी तोफ. तिचा टँकविरोधी गोळा स्फोटकांचाच, वेग बराच कमी. पण त्याच लढाईत, पंजाबातल्या असल उत्तरला, आपल्या सेंच्युरियन टँककडे सॅबोवाले गोळे होते, तेव्हाचे आखूड, बिनपंखी.

प्रश्न : टँक फोडणाऱ्या या रॉडमध्ये युरेनियम वापरतात म्हणे, मग तो अणुबॉम्बच झाला की?
– वाचक, सांगली

उत्तर : नाही हो. अणुइंधनासाठी कामाचा भाग काढून घेतल्यावर उरलेलं ते युरेनियम, पोलादाच्या दुपटीहून जड. टंगस्टनही तसंच जड, पण त्याचं टोक आत जाताना चपटं होतं, युरेनियमचं कडेने तुटत राहून टोकदारच राहतं, शिवाय त्याचा भुगा हवेत पेटतो. 1991 च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या एब्रम्स टँकनी इराकी टी-72 टँक असेच फोडले. त्याची धूळ विषारी, त्यामुळे वाद आहेच, तरी 2023 ला ब्रिटनने चॅलेंजर 2 टँकसोबत हे गोळे युक्रेनला दिले आणि रशियाने लगेच आरडाओरडा केला.