पालकाचे गोमाए: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे एकाच जपानी पदार्थाविषयी असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

प्रश्न: माझी मुलगी जपानी भाषा शिकते. तिच्या जपानी शिक्षिका पुढील महिन्यात आमच्याकडे जेवायला येणार आहेत. स्वयंपाक आपल्याच पद्धतीचा असेल. परंतु ताटात त्यांच्या ओळखीची एखादी साधी भाजी असावी, अशी इच्छा आहे. आम्ही शाकाहारी आहोत. फारसे वेगळे सामान न आणता काय करता येईल?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: आपण पालकाचे गोमाए करावे. पालक उकळत्या पाण्यातून काढून, घट्ट पिळून, त्याला भाजून कुटलेले तीळ, सोया सॉस आणि साखर लावली की हा पदार्थ तयार होतो. जपानमध्ये तो घरोघरी केला जातो आणि डब्यातही दिला जातो. आपल्या ताटात कोशिंबिरीला जे स्थान असते तेच त्याला तिथल्या जेवणात आहे. म्हणून तो लहान वाटीत, थोडाच आणि गरम न करता वाढावा.

चार जणांसाठी निवडलेला पालक 250 ग्रॅम, पांढरे तीळ 3 मोठे चमचे, सोया सॉस 1 मोठा चमचा आणि साखर 2 छोटे चमचे एवढे पुरे. मंडईतून जुडी घेताना देठ शाबूत असलेला कोवळा पालक पाहून घ्यावा, कारण या पदार्थात देठही खाल्ले जातात. मुळांकडचा भाग चांगला धुवावा. तिथे माती अडकून राहते आणि एक खडा दाताखाली आला तरी सगळी मेहनत वाया जाते.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्याला उकळी आणून त्यात चिमूटभर मीठ घालावे. पालक देठांच्या बाजूने धरून आधी देठच वीसेक सेकंद पाण्यात ठेवावेत आणि मग पाने सोडावीत. आपल्याकडचा पालक पातळ पानांचा असल्यामुळे पाने सोडल्यावर अर्धा मिनिट पुरते. पातेल्यावर झाकण ठेवू नये: भाजीतली आम्ले वाफेबरोबर बाहेर पडली नाहीत तर पानांतले हरितद्रव्य लवकर बदलते आणि हिरव्या रंगाला मळकट छटा येते. पालक काढताक्षणी थंड पाण्यात टाकावा आणि ते पाणी एकदा बदलावे. पालकाने दातांवर येणारा खरखरीतपणा ज्या ऑक्झॅलेटमुळे असतो, त्याचा पाण्यात विरघळणारा भाग उकळत्या पाण्यात आणि नंतरच्या धुण्यात बराच निघून जातो. म्हणूनच ते पाणी आमटीत किंवा कणकेत वापरण्याचा मोह टाळावा. त्याबरोबर काही जीवनसत्त्वेही जातात हे खरे आहे, पण या पदार्थाची चव त्या धुण्यावरच उभी आहे.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि घाईत नेमकी तीच अर्धवट राहते. देठ एका बाजूला जुळवून पालकाची जुडी हातात धरावी आणि वरून खाली दाबत पाणी पूर्ण पिळून काढावे. मग बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करून त्यांवर सोया सॉसचे थोडे थेंब शिंपडावेत आणि पुन्हा एकदा हलकेच पिळावे. अनुभवी जपानी स्वयंपाकी हे दुसरे पिळणे कधी चुकवत नाहीत, कारण त्यामुळे उरलेले पाणी सुटते आणि भाजीला आतून चव लागते. पाणी राहिले तर तिळाचा लगदा वाटीच्या तळाशी उतरतो आणि पालक बेचव लागतो.

तीळ भाजण्याचा सराव संक्रांतीमुळे आपल्या घरांत असतोच. विकत आणलेले तीळ भाजलेले असले तरी ते पुन्हा मंद आचेवर परतावेत, दोन-चार दाणे तडतडले की लगेच ताटलीत काढावेत आणि कोमट असतानाच कुटावेत. जपानी घरांत यासाठी आतून बारीक खाचा असलेला मातीचा खल आणि लाकडी बत्ता वापरतात. आपला खलबत्ता ते काम उत्तम करतो. तिळात जवळपास निम्मे तेल असते, त्यामुळे मिक्सर सलग फिरवला तर पुडीऐवजी गोळा होतो. काही दाणे अर्धवट राहिले पाहिजेत. त्या पुडीत आधी साखर आणि मग सोया सॉस मिसळावा. पालक त्यात अगदी पाने वाढण्याच्या वेळी कालवावा. आधी कालवून ठेवल्यास मिठामुळे त्याला पुन्हा पाणी सुटते. पालक आणि तिळाची पूड सकाळी वेगवेगळी तयार ठेवण्यास हरकत नाही. पाहुण्यांना तीळ चालतात का, हे मात्र आधी अवश्य विचारावे, कारण काहींना त्याची ॲलर्जी असते.

प्रश्न: मी वाचलेल्या कृतीत दाशी आणि मिरिन घालायला सांगितले होते. ते आवश्यक आहे का? आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूणही चालत नाही.
— एक वाचिका, सदाशिव पेठ

उत्तर: गोमाएला या दोहोंची गरज नाही, आणि कांदा-लसूण तर त्यात नसतोच. जपानमधील बौद्ध मठांच्या ‘शोजिन’ स्वयंपाकातही मांस-मासळीबरोबर कांदा आणि लसूण वर्ज्य असतात, त्यामुळे आपल्या नियमात बसणारे तिथले पदार्थ आपल्याला पुष्कळ सापडतील. दाशी म्हणजे सूपाचा पाया असलेले पाणी. ते बहुधा कोंबू नावाच्या समुद्री वनस्पतीपासून आणि वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कापांपासून करतात. तयार दाशीच्या पुडीत आणि मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, सूपाच्या पाकिटांतही मासा असू शकतो. म्हणून वेष्टनावरची हिरवी खूण पाहून शिवाय घटकांची यादीही वाचावी.

शाकाहारी दाशी हवीच असेल, तर 500 मिलिलिटर पाण्यात 5 ग्रॅम कोंबू आणि दोन-तीन वाळलेली शिताके अळिंबी रात्रभर भिजत ठेवावीत. सकाळी पाणी तापवताना उकळी येण्यापूर्वी कोंबू काढून घ्यावा, नाही तर पाणी बुळबुळीत होते. कोंबूच्या चवीमागे ग्लुटामेट आहे हे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली टोकियोत शोधले. शिताकेत ग्वानिलेट हा चव वाढवणारा घटक असतो आणि दोन्ही एकत्र आले की चव कितीतरी पटींनी खुलते. मिरिन म्हणजे स्वयंपाकात चवीसाठी घालायचे तांदळाचे गोड मद्य. त्याच्याऐवजी साखर घालावी. गुळाचा स्वतःचा स्वाद सोया सॉसवर कुरघोडी करतो, म्हणून तो येथे नको.

प्रश्न: पालकाऐवजी दुसरी भाजी, आणि तिळाऐवजी दाण्याचे कूट चालेल का?
— एक वाचक, औंध

उत्तर: फरसबी उत्तम. जपानमध्ये तिचेही गोमाए होते, ती पाणी कमी सोडते आणि म्हणून डब्यासाठी मी पालकापेक्षा तिलाच पसंती देईन. तिरके तुकडे करून तीन-चार मिनिटे, कच्चेपणा जाईपर्यंत पण दाताला लागेल अशी शिजवावी. माठाची कोवळी पानेही चांगली लागतात. चुका आणि अंबाडी आंबट असल्यामुळे जमत नाहीत, आणि शेपूपुढे तिळाचा वास टिकत नाही.

दाण्याचे कूट लावल्यास तो वेगळा पदार्थ होतो, परंतु तोही जपानी घरांत केला जातो; तिथल्या चिबा भागात भुईमुगाचे मोठे पीक येते. कूट मात्र ताजे असावे आणि साखर थोडी कमी घालावी. पांढऱ्या तिळांऐवजी काळे तीळ वापरता येतात. कारळे मात्र वेगळे आणि कडसर असतात, ते घेऊ नयेत.

प्रश्न: रक्तदाबामुळे मला मीठ कमी करायला सांगितले आहे. सोया सॉस चालेल का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर: नेहमीच्या जपानी सोया सॉसमध्ये सुमारे 16 टक्के मीठ असते, म्हणजे एका मोठ्या चमच्यात अडीच ग्रॅमच्या आसपास. वरच्या प्रमाणात ते चौघांत वाटले जाते, तेव्हा दर वाटीला साधारण अर्धा ते पाऊण ग्रॅम येते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी अशी आहे. त्या दिवशी लोणचे आणि पापड बाजूला ठेवून आपण लहान वाटी घेऊ शकाल. मात्र डॉक्टरांनी याहून कडक मर्यादा सांगितली असल्यास तीच पाळावी. सोया सॉस निम्मा करून चमचाभर कोंबूचे पाणी घातल्यास चव फारशी उणावत नाही.