चिंचोके जवळ ठेव

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. प्रयोगशाळा सोडून पूर्णवेळ लोकांना आनुवंशशास्त्र समजावत फिरायचं म्हणतेस. एवढ्यात सोडू नकोस. रक्ताचे नमुने ज्याने स्वतः तपासलेत, त्याला कुठे थांबायचं ते कळतं.

माझी एक चूक सांगते. सातपुड्यातल्या एका पाड्यावर नवरा-बायको दोघंही सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, म्हणजे बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेले; थोरला मुलगा आजारी. मी म्हटलं, "चारांत एकाला होतो." बाईचा चेहरा उजळला. जीप निघायची घाई होती, मी उठले. पुढची मुलगीही आजारीच जन्मली. तेव्हा कळलं, एकाला झाला म्हणजे पुढची तिघं सुटली, असं तिने धरलं होतं. बोलले मी होते, समजून घेणं तिच्यावर सोडलं होतं.

तेव्हापासून पिशवीत फोडलेले चिंचोके असतात. एक फाक आईची, एक बापाची; पांढरी बाजू म्हणजे बदललेलं जनुक. दोघींचा पांढरा भाग वर आला तर बाळ आजारी, एकीचाच आला तर वाहक. बाईच्या हातात दे, तिलाच टाकू दे. दोनदा लागोपाठ पांढरे पडले की तीच म्हणते, "म्हणजे दर खेपेला नव्यानेच!" (दोन्ही बाजू अगदी सारख्या पडत नाहीत, पण त्यावाचून अडत नाही.)

बीटा ग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाच्या 6व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, हे तिथे सांगू नकोस. विळा दाखव, प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी तशा वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून अंग ठणकतं. 'दोष' हा शब्द तोंडातून काढू नकोस. वाहक माणूस आजारी नसतो, हे सगळ्यात आधी सांग, नाहीतर संध्याकाळपर्यंत एखाद्या पोरीचं जमलेलं लग्न मोडतं. मलेरियाच्या मुलखात याच बदलाच्या एका प्रतीने कितीतरी लेकरं जगवली, हेही सांग.

जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 7 कोटी लोकांच्या तपासणीचं. तपासणी मिनिटांत होते. हातात पडलेल्या कार्डाचा अर्थ सांगायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास तुझ्यासारखीने द्यायचा आहे.

पुढच्या महिन्यात धडगावला जातेय, ये. तिथली पावरी बोली येत नाही म्हणून बिचकू नकोस, गावातल्या आरोग्यसेविका आशाताई बरोबर असतील. चिंचोके आधी त्यांच्या हाती दे.

तुझी,
मावशी